पूल विकत घेणारा करवतवाला

बँकेच्या कर्जखात्यात काम करणाऱ्या माझ्या पिढीतल्या अधिकाऱ्यांची एक श्रद्धा होती. माणसाची पत ओळखणं अवघड, त्या मानाने यंत्राची सोपी. माणूस सांगतो एक आणि असतो एक. यंत्राच्या अंगावर निदान कारखान्याचं नाव, मॉडेल आणि नंबर असलेली एक पाटी असते. नोकरीची काही वर्षं मी चंद्रपूर जिल्ह्यात काढली. बल्लारशाच्या डेपोतला सागवान लिलावात घ्यायचा, आरा मशीनवर कापायचा आणि नागपूरकडे, मुंबईकडे धाडायचा, हा तिकडचा मोठा धंदा. या मंडळींना खेळतं भांडवल देताना तारण म्हणून यंत्रं बघावी लागत. भुश्शाने भरलेल्या शेडमध्ये उकिडवं बसायचं, फडक्याने पाटी पुसायची, नंबर वहीत उतरवून घ्यायचा आणि मग किंमत ठरवायची. खरेदीच्या पावतीतून घसारा वजा केला की झाली पुस्तकी किंमत. मोडीत काढलं तर किलोमागे जे येईल ती भंगाराची किंमत. याशिवाय आणखी एक किंमत असते. ते यंत्र नेमकं तेच आहे, एवढ्याच कारणासाठी एखादा वेडा माणूस देईल ती. आमच्या छापील फॉर्मात तिला रकाना नव्हता.

ज्या माणसाविषयी आज लिहायचं आहे, त्याचं निम्मं आयुष्य या न छापलेल्या रकान्यात गेलं. त्याने बनवलेली यंत्रं आज त्याच रकान्यात विकली जातात, आणि त्याने स्वतः केलेली सर्वांत गाजलेली खरेदीही तिथेच लिहावी लागेल. रॉबर्ट पॅक्स्टन मॅकलक हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या जंगलकामगारांना तो ठाऊक आहे तो पिवळ्या चेन-सॉवरच्या अक्षरांमुळे. बाकीच्या जगाला ठाऊक आहे तो लंडन ब्रिज विकत घेऊन अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात नेणारा अमेरिकन म्हणून. ही दोन्ही कामं एकाच माणसाची, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. मलाही निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा कळलं. तिथे एका गावच्या मैदानावर हौशी लोकांनी आपापल्या जुन्या चेन-सॉ हिरवळीवर ओळीने मांडल्या होत्या. आपल्याकडे बैलबाजारात जनावराचे दात बघतात, तसे लोक वाकून वाकून पाट्या वाचत होते. माझी जुनी सवय जागी झाली आणि मीही वाकलो.

चेन-सॉ म्हणजे काय, हे आता शहरातल्या वाचकालाही सांगायला नको. पावसाळ्याआधी रस्त्याकडेच्या फांद्या छाटायला पालिकेची माणसं जे कर्णकर्कश यंत्र आणतात, तेच. एका लांबट पट्टीभोवती दातेरी साखळी गरगर फिरते आणि पाठीमागचं छोटं इंजिन तिला फिरवतं. गंमत अशी, की तिचा पूर्वज जंगलात जन्मलाच नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीला स्कॉटलंडमधल्या जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी हाताने ओढायची बारीक दातेरी साखळी वापरली. पुढे १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन कारागिराने तिला पट्टी आणि फिरवायचा दांडा जोडला. हाडावरून लाकडावर यायला आणखी शंभर वर्षं लागली. १९२० च्या दशकात जर्मनीत आंद्रेआस श्टील आणि एमिल लेर्प यांनी इंजिनवर चालणारी करवत झाडापर्यंत नेली खरी, पण लेर्पच्या १९२७ सालच्या यंत्राचं वजन होतं ५८ किलो. ते उचलायला दोन गडी लागत आणि ते तासाभरात दमत. ज्याला जंगलात दिवसभर उभं राहायचं आहे, त्याच्या लेखी हे यंत्र म्हणजे कुऱ्हाडीपेक्षा मोठी शिक्षा होती.

मॅकलकचा जन्म ११ मे १९११ चा, मिसूरी राज्यातला. आईचे वडील जॉन बेग्ज हे मोठं प्रस्थ. एडिसनच्या विजेच्या योजना शहराशहरांत उभ्या करून आणि मिलवॉकीची वीज आणि ट्राम चालवून त्यांनी पैसा केला होता. १९२५ साली आजोबा गेले आणि चौदा वर्षांच्या या नातवाच्या, त्याच्या भावंडांच्या नावे मोठी दौलत आली. आमच्या व्यवसायात असा वारस दिसला की आम्ही सावध होत असू. तिसऱ्या पिढीने काय होतं ते आपल्याकडच्या वाड्यांच्या पडक्या भिंती सांगतातच. हा मुलगा पैसा उडवण्यात कमी नव्हता, पण त्याची उधळपट्टी इंजिनांवर होती. स्टॅनफर्डला शिकत असताना तो पाण्यावरून उडत जाणाऱ्या शर्यतीच्या बोटी हाकत असे आणि त्यात राष्ट्रीय स्तरावरची बक्षिसं मिळवत असे. लहान इंजिनातून जास्तीत जास्त ताकद कशी काढायची, याचं वेड त्याला तिथे लागलं आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

लग्नही त्याने जणू इंजिनांच्या घराण्यातच केलं. पत्नी बार्ब्रा ही स्टीफन ब्रिग्ज यांची मुलगी. गवत कापायच्या यंत्रावर, पाण्याच्या पंपावर ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन हे नाव ज्यांनी वाचलं असेल, त्यांना सासऱ्यांची ओळख करून द्यायला नको. जावयाने मिलवॉकीत स्वतःचा कारखाना काढला तो शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं आणि सुपरचार्जर बनवण्यासाठी. १९४३ साली तो बोर्ग-वॉर्नर कंपनीला दहा लाख डॉलरला विकला, लगेच दुसरा काढला, आणि १९४६ मध्ये बिऱ्हाडासकट कॅलिफोर्निया गाठलं. महायुद्धात तोफखान्याला नेमबाजीच्या सरावासाठी बिनमाणसांची छोटी विमानं लागत. ती पाडण्यासाठीच बनवलेली असत, त्यामुळे त्यांचं इंजिन हलकं, स्वस्त आणि जोरदार असावं लागे. अशी इंजिनं बनवण्यात मॅकलकचा हात बसला. युद्ध संपलं आणि हे कसब कुठे लावायचं, हा प्रश्न उभा राहिला. गवत कापायच्या यंत्रांचा बाजार सासऱ्यांच्या ताब्यात, बोटीच्या इंजिनांचा राल्फ एव्हिन्रूडच्या. उरलं जंगल.

१९४८ साली त्याची पहिली चेन-सॉ आली, मॉडेल ५-४९. पुढच्याच वर्षी आली ३-२५. इथे जुन्या यंत्रांच्या शौकिनांना पहिला धडा मिळतो. हे आकडे उगाच टाकलेले नाहीत. पाच अश्वशक्ती आणि ४९ पौंड. तीन अश्वशक्ती आणि २५ पौंड. म्हणजे एका वर्षात बावीस किलोंवरून वजन साडेअकरा किलोंपाशी आलं. एका माणसाने एका हातात धरून टेकडी चढावी आणि झाडाशी उभं राहून काम सुरू करावं, इतकं ते हलकं होतं. किमया होती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या ओतकामाची आणि त्या लहान, तापट इंजिनाची. जंगलात दोघांनी समोरासमोर बसून ओढायच्या लांब करवतीचे दिवस भरले ते या साताठ वर्षांत. दोघांच्या जागी एक गडी आला, हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या दुसऱ्या गड्याचं काय झालं, हे कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात येत नाही.

यंत्र हलकं झालं तरी दात जुनेच राहिले असते तर उपयोग नव्हता. सुरुवातीच्या साखळ्या हातकरवतीच्या दातांची नक्कल होत्या. त्या लाकूड खरवडत, त्यामुळे दर थोड्या वेळाने कानशीने दात लावत बसावं लागे. ओरेगॉन राज्यातला जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या १९४६ साली एका बुंध्यातल्या किड्याची अळी बघत बसला. ती जाडजूड अळी आपले जबडे डावीकडे, उजवीकडे असे आळीपाळीने चालवून लाकडात सरळ बोगदा पाडत होती. कॉक्सने पोलादात ते जबडे बनवले, एक दात डावा, एक उजवा. १९४७ पासून त्याची साखळी बाजारात आली आणि आजही जगातल्या बहुतेक चेन-सॉवर त्याच घराण्यातली साखळी फिरते. तेव्हा कुणी जुनी करवत घेऊन आला आणि तिच्यावर खरवडणाऱ्या सरळ दातांची साखळी असली, तर जाणकार माणूस लगेच कान टवकारतो.

आता थोडं या पारखीविषयी. पाटी हा पहिला पुरावा, पण शेवटचा नव्हे. मॅकलक कंपनीने मॉडेलची नावं आणि आकडे पुढे इतक्या लहरीने दिले, की नुसत्या पाटीवर विसंबणारा फसतो. पुष्कळदा पाटी गेलेलीच असते, किंवा दोन मोडक्या यंत्रांतून एक धड केलेलं असतं आणि पाटी एकीची, पोट दुसरीचं. तेव्हा यंत्रालाच विचारावं लागतं. इंजिन आणि साखळीचं चक्र यांच्यामध्ये दातेरी गिअर आहेत का? असतील तर यंत्र बहुधा जुन्या, सावकाश पण जोरकस पिढीतलं. पट्टी आडवी करायची सोय सांध्यावर आहे का? याचं कारण कार्ब्युरेटरमध्ये आहे. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मोटारसायकलसारखा तरंगता गोळा असे, त्यामुळे इंजिन सरळच धरावं लागे. उभं झाड कापायला पट्टी तेवढी वळवायची. पन्नासच्या दशकात पातळ पडद्याचा कार्ब्युरेटर रुळला आणि यंत्र उलटंपालटं कसंही धरता येऊ लागलं. एवढ्या दोन खुणांवरूनही यंत्राचं वय पाचदहा वर्षांच्या आत आणता येतं.

वय कळलं म्हणजे किंमत कळली असं नाही. शौकीन माणूस सुरू करण्याची दोरी मुठीत धरतो आणि यंत्र तिच्यावर लोंबकळत सोडतो. ते धाडकन खाली आलं तर दट्ट्या आणि सिलिंडर झिजलेले. अडखळत, टप्प्याटप्प्याने उतरलं तर आत अजून जीव आहे. मग तो धूर जाण्याच्या तोंडावरचं झाकण काढतो आणि विजेरीने आतल्या दट्ट्याची भिंत बघतो. उभे ओरखडे दिसले की भाव निम्म्याने उतरतो, कारण कोणी तरी त्यात तेल न मिसळता पेट्रोल भरलं होतं. पेट्रोलच्या टाकीत जुना चिकट राळ, कडक झालेला रबरी पडदा, हे सगळं बदलता येतं. मॅग्नेशियमच्या अंगावर ओलीने धरलेली पांढरी पूड मात्र वाईट. ती आत किती गेली आहे ते सांगता येत नाही. आणि रंग? नवशिका विकणारा आधी यंत्राला झगझगीत रंग देतो आणि आपणच आपली किंमत कमी करून घेतो. मूळ पिवळा रंग, त्यावरची अर्धवट उडालेली अक्षरं आणि कुण्या अज्ञात माणसाच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ, याला पैसे पडतात. माझ्या बँकेच्या हिशेबात हे सगळं घसाऱ्यात गेलं असतं!

सर्वांत मोठा घोळ होतो तो जुनं आणि दुर्मीळ यांच्यात. सत्तरच्या दशकात मॅकलक कंपनीने घरगुती गिऱ्हाइकासाठी मिनी मॅक नावाची छोटी करवत काढली. ती अमाप खपली. आज ती अमेरिकेतल्या कोणत्याही गॅरेजच्या फळीवर सापडते आणि तिची दुरुस्ती इतकी कटकटीची, की शौकीन ती फुकटही घ्यायला कां-कूं करतात. उलट त्याच काळातली सुपर प्रो १२५ ही १२३ सी.सी.ची धिप्पाड करवत निघाली तर हजार डॉलरच्या वर बोली जाते. तिला दोन गिऱ्हाइकं असतात. एक करवतींचा शौकीन आणि दुसरा छोट्या गो-कार्ट गाड्यांच्या शर्यतींचा. कारण पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून मॅकलकची करवतीच्या जातीची इंजिनं त्या गाड्यांवर बसू लागली होती आणि बरीच वर्षं त्या शर्यतींवर त्यांचंच राज्य होतं. जुन्या इंजिनाचा एखादा सुटा भाग पूर्ण करवतीपेक्षा महाग मिळतो तो यामुळे. (हौस म्हणून यातली एखादी कुणी मिळवलीच, तर ती फळीवर ठेवावी. साखळी थांबवणारा ब्रेक या पिढीतल्या बहुतेक यंत्रांना नाही. पट्टीचं टोक अडलं तर ती उसळून थेट चेहऱ्याकडे येते.)

परत मालकाकडे वळू. करवती धडाक्याने खपत होत्या आणि मॅकलकला स्वस्थ बसवत नव्हतं. मोटारींच्या सुपरचार्जरचा धंदा त्याने आपल्या मधल्या नावाने, पॅक्स्टन म्हणून चालवला. फोर्ड थंडरबर्ड आणि स्टुडबेकरच्या काही गाड्यांवर ते बसले. वाफेवर चालणारी पॅक्स्टन फिनिक्स नावाची मोटार बनवायला घेतली, त्यात पैसा ओतला आणि १९५४ साली सोडून दिली. १९५६ मध्ये त्याने बोटीची इंजिनं बनवणारी स्कॉट-अ‍ॅटवॉटर ही कंपनी घेतली. म्हणजे एव्हिन्रूडच्या ज्या बाजारातून वाट वाकडी करून तो जंगलात गेला होता, तिथेच पुन्हा येऊन उभा राहिला. या इंजिनांच्या चाचणीसाठी त्याला भरपूर, मोकळं आणि बारमाही पाणी हवं होतं. ते शोधायला तो विमानाने निघाला.

कोलोरॅडो नदीवर १९३८ साली पार्कर धरण पूर्ण झालं आणि त्याच्या पाठीमागे हवासू नावाचा लांबलचक तलाव पसरला. त्याच्या अ‍ॅरिझोनाकडच्या काठावर युद्धकाळातली एक धावपट्टी आणि काही शेड, एवढीच वस्ती. भोवती दगड, वाळू, काटेरी झुडपं. याच ठिकाणी पुढे २९ जून १९९४ रोजी पारा ५३ अंश सेल्सिअसच्या वर गेला होता, यावरून उन्हाळ्याची कल्पना यावी. आमच्या चंद्रपूरचा मे महिना त्यापुढे महाबळेश्वर वाटावा. १९५८ साली मॅकलकने तिथल्या पाण्यात घुसलेल्या भूशिराची तीन हजारांवर एकर जमीन घेतली. आणि १९६३ मध्ये किंगमन गावच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर झालेल्या लिलावात त्याने सरकारकडून २६ चौरस मैल वाळवंट विकत घेतलं. दर एकरी ७५ डॉलरपेक्षा कमी. अ‍ॅरिझोना राज्याने तोवर एकगठ्ठा इतकी जमीन कधी विकली नव्हती.

तिथे त्याला शहर वसवायचं होतं. डिस्नेलँडच्या उभारणीत पुढे असलेला सी. व्ही. वुड हा माणूस त्याने भागीदार म्हणून बरोबर घेतला, आणि दोघांनी कागदावर वळणावळणाचे रस्ते आखले. शहराला पोट हवं म्हणून मॅकलकने चेन-सॉचे कारखाने तिथे हलवले. कामगार कुटुंबं लॉस एंजेलिसजवळची वस्ती सोडून या भट्टीत येऊन राहिली. रोजगाराचा प्रश्न असा सुटला, पण प्लॉट कोण घेणार? त्यासाठी कंपनीने विमानं ठेवली. थंडीने गारठलेल्या राज्यांतून संभाव्य गिऱ्हाइकांना फुकट बसवून आणायचं, तलाव दाखवायचा, जेवू घालायचं आणि जमिनीचा कागद पुढे करायचा. १९७८ पर्यंत ही फुकट विमानं चालली आणि लाखाहून अधिक माणसं त्यातून येऊन गेली. हे वाचताना मला आपल्याकडच्या, बस भरभरून माणसं नेऊन माळरानावरचे प्लॉट दाखवणाऱ्या मंडळींची आठवण झाली. फरक इतकाच, की इथे मालकाने स्वतःचा कारखाना आधी तिथे नेला होता. बँकवाल्याच्या भाषेत, त्याने आपलं मार्जिन आधी भरलं होतं.

तरीही शहर रांगत होतं. वाळवंटात थांबायला, बघायला, पोस्टकार्ड पाठवायला काही तरी हवं. त्याच सुमाराला तिकडे लंडनमध्ये पालिकेपुढे वेगळाच पेच होता. टेम्स नदीवरचा १८३१ सालचा लंडन ब्रिज, जॉन रेनीच्या आराखड्यावर बांधलेला, आपल्याच वजनाने खचत होता. दर आठ वर्षांना सुमारे एक इंच, आणि तोही सारखा नाही. एक बाजू दुसरीपेक्षा खाली गेली होती. मोटारींचं ओझं त्याला पेलवेना. नवा पूल बांधायचा तर जुना पाडायचा, आणि पाडायला पैसे लागणार. इव्हान लकिन नावाच्या एका नगरसेवकाच्या डोक्यात आलं, की पाडायचाच आहे तर विकून का टाकू नये? सहकाऱ्यांना ती थट्टा वाटली असावी. लकिन अमेरिकेत गेला आणि पूल विकायला काढला आहे हे त्याने तिथे जाहीर केलं. बालगीतातला कोसळणारा पूल हा नव्हेच, तो त्याच्याही आधीचा. पण नाव तेच असल्यामुळे विकताना ते उपयोगी पडलं.

किंमत कशी ठरली ते ऐकण्यासारखं आहे. पूल सोडवण्याचा अंदाजी खर्च बारा लाख डॉलर. खरेदीदारांनी तो दुप्पट केला, चोवीस लाख. आणखी कुणी तेवढीच बोली लावली तर? म्हणून वर साठ हजार डॉलर चढवले. हे साठ हजार आले कुठून, तर पूल पुन्हा उभा राहील तेव्हा मॅकलक साठ वर्षांचा असेल, वर्षाला एक हजार! १८ एप्रिल १९६८ रोजी २४ लाख ६० हजार डॉलरला सौदा झाला. त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या दराने एक कोटी चौऱ्याऐंशी लाख रुपये. एवढी मोठी जुनी चीज जगात दुसरी कुणी विकली नाही, म्हणून गिनीजच्या पुस्तकातही ती नोंदली गेली.

मी माझ्यापुरता एक हिशेब करून पाहिला. २६ चौरस मैल म्हणजे १६,६४० एकर. पंचाहत्तर डॉलरने गुणलं तरी सारं शहर वसवायची जमीन साडेबारा लाखांच्या आत येते. म्हणजे त्याने पुलाला जमिनीच्या जवळपास दुप्पट पैसे मोजले. आणि तो आणून उभारायचा खर्च निराळाच, सुमारे सत्तर लाख डॉलर. असं कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते दुसऱ्या दिवशी परत पाठवलं असतं. मालमत्ता म्हणून एक खचलेला पूल, तो जिथे जाणार तिथे नदी नाही, पलीकडे काही नाही आणि वाहतूक तर नाहीच. पण पूल हे तारण नव्हतंच. पूल ही जाहिरात होती. जगातल्या प्रत्येक वर्तमानपत्राने ती फुकट छापली आणि एकरी पंचाहत्तर डॉलरच्या दगडवाळूला पत्ता मिळाला. त्या अमेरिकनाला शोभिवंत टॉवर ब्रिज घ्यायचा होता आणि गळ्यात हा साधा पूल पडला, अशी एक कथा तेव्हापासून फिरते आहे. मॅकलकने आणि लकिननेही ती वारंवार नाकारली. मला ती मुळीच पटत नाही. ज्याने अवजड यंत्रं पंचवीस पौंडांवर आणणाऱ्यांत आपली हयात घालवली, तो काय घेतो आहे हे न बघता सही करील, हे संभवत नाही.

उचलायचं कसं, यात त्याचा कारखानदार पुन्हा दिसतो. प्रत्येक बाह्य दगडावर क्रमांक घातला गेला: कुठल्या कमानीचा, कितव्या ओळीतला, कितवा. करवतीच्या पाटीसारखीच प्रत्येक दगडाला आपापली ओळख. असे दहा हजारांहून अधिक दगड. बरेचसे दगड डेव्हनमधल्या मेरिव्हेल खाणीत नेले आणि मागच्या बाजूने पंधरा-वीस सेंटिमीटर कापून टाकले. वजन कमी करण्याची जुनी खोड! मग जहाजाने पनामा कालव्यातून लाँग बीच बंदर आणि तिथून ट्रकने वाळवंट. सप्टेंबर १९६८ मध्ये लंडनच्या लॉर्ड मेयरने येऊन कोनशिला बसवली.

पूल कोरड्या जमिनीवरच बांधला गेला. कमानींच्या आकाराचे वाळूचे ढिगारे रचले, त्यांवर काँक्रीटचा पोकळ सांगाडा घातला, सांगाड्याला लंडनचे दगड नंबरवारीने चढवले आणि नंतर खालची वाळू उपसली. शेवटी भूशिराच्या मानेतून कालवा खणून पाणी आत घेतलं. भूशिराचं बेट झालं आणि पुलाला ओलांडायला काही तरी मिळालं. आधी पूल आणि मग नदी! १० ऑक्टोबर १९७१ रोजी उद्घाटन झालं. मॅकलक ठरल्याप्रमाणे साठ वर्षांचा होता.

हा तोच रेनीचा पूल म्हणायचा का? आत काँक्रीट, बाहेर मूळ दगडाची साल. करवतींच्या मैदानावर असाच वाद मी ऐकला होता: मूळ झाकण आणि पाटी, पण आतला दट्ट्या नवा, कार्ब्युरेटर तिसऱ्याच यंत्राचा. तिथले कडक लोक अशा यंत्राला जुनं मानत नाहीत. माझं मत थोडं सैल आहे. १९७१ पासून लोक त्या पुलावरून चालताहेत, मोटारी जाताहेत, दगडांवरचे नंबर काही ठिकाणी अजून वाचता येतात. काम करणारी वस्तू आणि ओळख पटणारी वस्तू, दोन्ही ती आहे. लंडनमध्ये ती पाडली गेली असती तर यातलं काहीच उरलं नसतं.

पुलानंतरही तो थांबला नाही. अ‍ॅरिझोनातच फाउंटन हिल्स नावाची दुसरी वसाहत काढली आणि तिथे १९७० साली ५६० फूट उंच उडणारं कारंजं बसवलं, त्या वेळी जगातलं सर्वांत उंच. छोटं, जवळपास जागेवरून उडणारं विमान बनवून पाहिलं. ते फारसं खपलं नाही. ज्या चेन-सॉवर हे सगळं उभं राहिलं, ती कंपनी मात्र सत्तरच्या दशकात ब्लॅक अँड डेकरकडे गेली. २५ फेब्रुवारी १९७७ रोजी मॅकलकचा मृत्यू झाला. दारू आणि झोपेची औषधं यांचं प्रमाण अपघाताने जास्त झालं, अशी नोंद आहे. वय पासष्ट.

ज्या कारखान्यासाठी कुटुंबं वाळवंटात आली होती, तो ऐंशीच्या दशकात हवासूहून टूसॉनला हलला आणि १९९९ साली कंपनीने दिवाळं काढलं. शहर तोवर आपल्या पायांवर उभं होतं. २०२० च्या जनगणनेत तिथे सत्तावन्न हजार माणसं मोजली गेली. मॅकलक हे नाव आता स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीकडे आहे आणि त्या नावाची नवी यंत्रं बाजारात मिळतात. जुन्या पिवळ्या करवतींचे सुटे भाग मात्र सहज मिळत नाहीत. म्हणून मैदानावरच्या त्या रांगेच्या टोकाला एक खोकं असतं. मोडक्या करवतींचं. पाटी नसलेल्या, दोरी तुटलेल्या, कुणाचं झाकण गेलेलं, कुणाची टाकी. लोक आधी तिकडे जातात.